शुगरची रोजकीर्द : ६.३ पासून पुढे

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीचा फराळ अजून डब्यात आहे आणि रिपोर्ट हातात आलाय. उपाशीपोटी ११४, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची शुगर ६.३.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी आहे. वय ४६. मालकांनी कामगारांसाठी तपासणी ठेवली होती आणि नावं लिहून घ्यायला मी बसलो होतो. त्या गडबडीत माझा नाश्ता राहिला. रांग संपल्यावर रक्त काढणारा पोरगा म्हणाला, "साहेब, तुमचंही घेऊ का? सुया उरल्यात." उरलेल्या सुईतून हे निघालं.

५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ पासून मधुमेह. म्हणजे मी काठाच्याही काठावर. आईला बावीस वर्षं शुगर आहे, डाव्या पायाचा अंगठा त्यातच गेला. त्यामुळे हे काय असतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्या खात्यातल्या आणखी चौघांचे आकडे असेच आलेत, त्यांच्यासाठीही ही वही लिहितोय. जमा-खर्च दोन्ही मांडणार.

१३ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला लावलं, दोन तासांनी शुगर १६८. १४० च्या आत हवी होती. २०० झाली असती तर सरळ मधुमेहाच्या खात्यात जमा.

मग टेप. माझी पँट ३६ ची, म्हणून कंबर ३६ इंच असंच मी धरून चाललो होतो. डॉक्टरांनी शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरली आणि "श्वास सोडा" म्हणाले. १०१ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ४० इंच. पँट पोटाच्या खाली बसते हो, ती काय सांगणार. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० च्या वर कंबर गेली की धोका धरतात. वजन ८१.५, उंची १६८.

मद्रासच्या मधुमेह संशोधकांनी भारतीयांसाठी केलेला एक गुणतक्ता आहे, त्यात माझी बेरीज अशी : वय ३५ ते ४९ चे २०, कंबर शंभरच्या वर म्हणून २०, बैठं काम आणि व्यायाम शून्य याचे ३०, आई-वडिलांपैकी एकाला शुगर म्हणून १०. एकूण ८०. साठ किंवा त्याच्या वर गेलं की धोका जास्त.

मी म्हटलं, गोळीच द्या. ते म्हणाले, सहा महिने थांबा. अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात काठावरच्या लोकांनी वजन सात टक्क्यांच्या आसपास उतरवलं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालले, तर मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१. आपल्याकडच्या अभ्यासात, २००६ च्या, राहणी बदलून साडेअठ्ठावीस टक्के आणि गोळीनेही जवळपास तेवढंच. "आपल्याला अमेरिकेएवढं सोपं जात नाही," म्हणाले, "पण जातं."

माझे सात टक्के म्हणजे ५.७ किलो. वहीच्या पहिल्या पानावर ७५.८ लिहून चौकोन केला.

१४ ते २४ नोव्हेंबर

उत्साह. रोज दहा हजार पावलं, पहाटे कंबर तलावाला दोन चकरा, पायात चप्पल. मोबाइलवर पावलं मोजतो. सगळ्यात जास्त पावलं पाणी आलं त्या दिवशी झाली. चार-पाच दिवसांनी नळ येतो, मग पिंप, टाकी, गच्ची, पुन्हा खाली. महापालिकेचे आभार मानावेत की काय कळेना.

२४ ला सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला आणि टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ गेली.

१६ डिसेंबर

टाचदुखीत तीन आठवडे गेले. चूक सरळ आहे : वीस वर्षं खुर्चीत बसलेला माणूस पहिल्या दिवसापासून दहा हजार पावलं चालला, तेही सपाट चपलेत. बूट घेतले, १,८०० रुपये. बाटलीत पाणी गोठवून ती रोज दहा मिनिटं तळव्याखाली फिरवली. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणल्या. आता तीन हजारांपासून सुरू, दर आठवड्याला पाचशे वाढवायचे.

या तीन आठवड्यांत त्याहून मोठी चूक घडली. ती लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

९ तारखेला मी घरात फर्मान काढलं : रात्री सातला जेवण, भाकरी बंद, फक्त भाज्यांचं सूप. सगळ्यांना. आईनेही मुकाट्याने वाटीभर सूप घेतलं आणि तिची नेहमीची गोळी घेतली. रात्री साडेअकराला हिने मला हलवून उठवलं. आई पलंगावर बसली होती, अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते आणि "गिरणीचा भोंगा झाला, डबा भर" म्हणत होती. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. शुगर मोजली, ५४.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून हळूहळू पाजली. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा तीन चमचे. मग ९२. त्यानंतर दुधात भाकरी कुस्करून दिली आणि दोघंही तिच्या उशाशी बसून राहिलो. दोन वाजता ती म्हणाली, "आता झोपा रे, मी काय जात नाही लगेच."

सकाळी डॉक्टरांनी जे ऐकवलं ते सगळं लिहीत नाही. मुद्दा एवढाच : आईची गोळी ग्लिमेपिराइड. ती खाल्लं न खाल्लं बघत नाही, इन्शुलिन बाहेर काढतेच. अशी गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेल्या माणसाचं जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायचं नाही, टाळायचं तर अजिबात नाही. काठावरच्याचे प्रयोग काठावरच्यानेच करायचे.

फर्मान रद्द. आईचं ताट वेगळं, माझं वेगळं.

२३ डिसेंबर

चहा. कारखान्यात दिवसाला सहा कप, कपात दोन चमचे, म्हणजे आठेक ग्रॅम साखर. सहा गुणिले आठ अठ्ठेचाळीस. महिन्याचे २६ दिवस धरले तर सव्वा किलो. घरच्या रेशनच्या हिशोबात ही साखर कधी दिसलीच नाही, कारण ती मालकांच्या चहाखात्यावर पडते.

पहिला उपाय म्हणून गुळाचा चहा सुरू केला, हल्ली टपरीटपरीवर मिळतो. दहा दिवस मोठ्या समाधानाने प्यायलो. मग मीटरवर पाहिलं, काही फरक नाही. गूळ म्हणजे मळकी साखरच. आता दिवसाला दोन चहा, एक अर्ध्या चमच्याचा, एक बिनसाखरेचा. पहिले पाच दिवस दुपारी डोकं दुखलं.

आत्तापर्यंतचा खर्च : मीटर ८५०, ५० पट्ट्यांचा डबा ९५०, वजनकाटा ३५०, बूट १,८००. याशिवाय कारल्याच्या रसाची बाटली ४२०. ती बाटली अर्धी आहे आणि अर्धीच राहणार.

२ जानेवारी २०२५

कडक भाकरीची गोष्ट.

माझा पक्का समज होता की ज्वारीची भाकरी, त्यातही कडक भाकरी, म्हणजे हलकं खाणं. आपल्या मंगळवेढ्याची मालदांडी, तेल नाही, मैदा नाही, पापडासारखी पातळ. मुंबईचे पाहुणे पाकिटं बांधून नेतात. म्हणून रात्री आमटीत चुरून चार भाकऱ्या, वर शेंगा चटणी आणि कच्चं तेल, हे माझं 'डाएट' चालू होतं.

गेल्या आठवड्यात वजनकाटा काढला आणि सगळं तोलत बसलो. घरची मऊ भाकरी ८६ ग्रॅम. कडक भाकरी ३८. बघ, म्हटलं हिला, निम्म्याहून कमी. ही पीठ मळता मळता म्हणाली, "अहो, माझ्या भाकरीत पाणी आहे. तिच्यातलं पाणी त्यांनी भाजून काढलंय."

मग तिच्याकडून पिठाचं माप घेतलं. मऊ भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं, बाकी पाणी. कडक भाकरीचे ३८ ग्रॅम म्हणजे जवळजवळ सगळं पीठच. माझ्या चार कडक भाकऱ्या म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ. घरच्या तीन भाकऱ्या. आणि शंभर ग्रॅम पिठात सत्तरएक ग्रॅम कर्बोदकं. चुरली की आमटी पिऊन ती वाटीत बसते, दिसत नाही. समोर तीन मऊ भाकऱ्या ठेवल्या असत्या तर मीच एक परत केली असती.

ज्वारी वाईट नाही, माप वाईट होतं. आता रात्री दोन कडक किंवा दीड मऊ. आधी वाटीभर मटकीची उसळ आणि काकडी-कांदा संपवायचा, मगच भाकरीला हात. शेंगा चटणी दोन चमचे, मोजून. ती शुगर फारशी चढवत नाही, पण वजन चढवते.

तीन-तीन रात्री पडताळून पाहिलं, पहिल्या घासानंतर एक तासाने. जुनी पद्धत : १८६, १७९, १९१. नवी : १५२, १४४, १५७. घरच्या मीटरमध्ये पंधरा टक्के इकडेतिकडे होतं, म्हणून एका आकड्यावर उड्या मारू नयेत. इथे तिन्ही जोड्या एकाच दिशेला गेल्या.

१६ जानेवारी

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा. ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला नंदीध्वजांमागे चाललो, मोबाइलवर २१ हजार पावलं. टाच शाबूत. आणि २१ हजार चाललोय म्हटल्यावर पुढचे तीन दिवस भजी, भेळ, बर्फाचा गोळा, सगळ्याला परवानगी. वजन सातशे ग्रॅम वर. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळभाजी तेवढी हिशोबात बसली.

१० फेब्रुवारी

तीन महिने झाले. वजन ७९.२. उपाशीपोटी १११. एचबीए१सी ६.२.

एवढी उठाठेव करून ०.१. लॅबच्या पायरीवर बसून राहिलो थोडा वेळ. मीटरची माझी सरासरी बघितली तर ६ च्या खाली यायला हवं होतं.

हिचीही तपासणी केली होती. तिचं एचबीए१सी ६.० आलं आणि घरात दुसरं सुतक. पण उपाशीपोटी ९१ आणि हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टर म्हणाले, लोह कमी असलं की एचबीए१सी खरं आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. आधी लोहाच्या गोळ्या, चार महिन्यांनी पुन्हा बघू. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, ही पहिली अट. दुसरी अट अशी नव्हतीच, पण मी घातली : सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खायचं बंद.

१५ फेब्रुवारी

सरासरी का चुकली ते सापडलं. वही उघडून तारखा बघत बसलो. ६१ वेळा मोजलंय आणि त्यात एकही शनिवार संध्याकाळ नाही. लग्नात जेवलो त्या दिवशी मोजलं नाही. २० तारखेला जीएसटीचा भरणा असतो, रात्री अकरापर्यंत बसतो, त्या दिवशीही नाही. उसळ-काकडी खाल्ली की मात्र हटकून बोट टोचलंय.

दुसऱ्याच्या वहीत हे दिसलं असतं तर मीच लाल पेनने खूण केली असती. आलेली बिलं चिकटवायची, न आवडलेली खिशात ठेवायची. मीटर खोटं बोलत नव्हता, मी त्याला खऱ्या दिवशी विचारतच नव्हतो. तीन महिन्यांची शुगर मात्र रात्रंदिवस जमा होत असते, तिला शनिवार माहीत असतो.

नवा नियम : बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी सहा आणि रात्रीच्या जेवणानंतर एक तासाने. काय खाल्लं याचा संबंध नाही. चुकवायचं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पगारवाटपाचा दिवस. साडेचारला मालक सगळ्यांना समोसे आणि जिलबी मागवतात. वर भडंग. घरी जायला सव्वादहा, मग जेवण, मग लगेच अंथरूण. संध्याकाळी सहाला २०४, रात्री साडेअकराला १९३.

हे दर शनिवारी होत होतं आणि महिन्यातून निदान दोन इतर दिवशीही. गळती इथे होती.

१ ते ३१ मार्च

गळती बुजवायचं काम. काय टिकलं, काय पडलं :

रात्रीचं जेवण कारखान्यात. हिने दुसरा डबा सुरू केला, पावणेआठला मी टेबलावरच जेवतो. घरी गेल्यावर फक्त ताक. पहिले दोन आठवडे घरी आमटीचा वास आला की जीव कासावीस व्हायचा, दोनदा मोडलं. आईने तोडगा काढला. मी येईपर्यंत ती स्वयंपाकघर आवरून दिवा मालवायला लागली.

जिलबीला नाही म्हणणं जमलं नाही. मालक स्वतः हातात देतात, वर "दिवाणजी, एकाने काय होतंय" म्हणतात. शेवटी त्यांनाच रिपोर्ट दाखवला. पुढच्या शनिवारी माझ्यापुरती उकडलेली अंडी आली, आणि गंमत म्हणजे दोन कामगारांनी जिलबी सोडून तीच मागितली.

जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. हे सगळ्यात भारी निघालं. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फार वाट न बघता ओढून घेतात, म्हणून वेळ महत्त्वाची. पहाटेच्या तासाभराचा गुण वेगळा, जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांचा वेगळा. आधी मागांच्या रांगांमधून चालायचो. आमचे जॉबर मामा, मागांची देखभाल करणारे, म्हणाले, "काय दिवाणजी, चकरा मारालाव? मालकांनी नाईटला घेतलं का काय?" पण तिथे रुई नाकात जाते आणि खडखडाटात डोकं उठतं. आता मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडापासून वॉचमनच्या खोलीपर्यंत. एक फेरी ७० पावलं.

मामा स्वतः काडीसारखे, वजन ५४, आणि त्यांची तीन महिन्यांची शुगर ६.०. त्यांचा यावर विश्वासच बसत नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे पूर्वीच दाखवलंय. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. मामांना तो फोटो मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "म्हणजे आपण आतून जाड." तेव्हापासून तेही फेरीला येतात. बिडी मात्र अजून खिशात आहे. तिनेही शुगरचा धोका वाढतो म्हटलं की त्यांना एकदम काम आठवतं.

उठाबशा : मांडीचे स्नायू मोठे, तिथे साखर खपते. दिवसाआड तीन वेळा बारा. खुर्चीला टेकून सुरुवात, आता पाच लिटरचा कॅन छातीशी धरून.

होळीला पुरणपोळी एक, तूप घालून, दुपारी. वहीत लिहिली आहे.

१७ एप्रिल

उन्हाने घोटाळा केला. बुधवारी रात्री १३१ आलं, पटलं नाही म्हणून पुन्हा, १८८. तिसऱ्या पट्टीला मीटरने एररच दिली. एकच बोट, चार मिनिटांत तिन्ही.

पट्ट्यांचा डबा पंधरा दिवस स्कूटरच्या डिकीत होता. बाहेर ४२-४३ चालू आहे, डिकीत काय होत असेल. डब्यावर स्पष्ट लिहिलंय, ३० अंशांच्या आत ठेवा. ४१ पट्ट्या वाया, एकोणीस रुपयांनी ७७९. फ्रिजमध्येही ठेवू नका, ओल लागते. आता घरात, देवघराखालच्या लाकडी कपाटात, झाकण घट्ट. कारखान्यातली सहाची मोजणी बंद करून सकाळची उपाशीपोटीची सुरू केली.

चालण्याची वेळही बदलली. सकाळी पाचला तलाव, दुपारी कारखान्यात आतल्या गोदामात, रात्री नवानंतर गल्लीत. गल्लीत कुत्री आहेत, काठी न्यावी.

४ मे

आंबा खाल्ल्यावर २६३. पोटात गोळाच आला. ही शांतपणे म्हणाली, "हात धुतले का?" नव्हते धुतले. बोटावरचा रस मोजत होतो मी. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसरं बोट : १४८. पट्टीचे १९ रुपये गेले, त्याचं काही नाही. पण या एका आकड्यावर कुणी गोळी वाढवून घेतली असती.

आंबा अर्धा, जेवणात, भाकरी तेवढी कमी करून. आमरस नाही.

१४ मे

वजन ७७.१, उपाशीपोटी १०६, एचबीए१सी ६.०. शनिवारच्या रात्री आता १५० ते १६५ च्या दरम्यान. यावेळी पायरीवर बसलो नाही.

६ जुलै, आषाढी

बुधवार-शनिवार नाही, तरी मोजलं, कारण आमच्या घरात वर्षानुवर्षं 'उपास म्हणजे पोटाला आराम' असं चालू आहे. साबुदाण्याची खिचडी, एक ताटली, वर बटाट्याचा कीस. तासाने १९८. अख्ख्या जिलबीच्या शनिवारच्या जवळपास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याला बटाट्याची जोड. रात्री भगर अर्धी वाटी आणि शेंगदाण्याची आमटी जास्त, वर काकडीची कोशिंबीर : १६२.

आईने यंदा उपास धरला नाही, डिसेंबरची रात्र आठवून. पंढरपूरच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाली, "त्याला माझी गोळी माहीत आहे."

१८ ऑगस्ट

नऊ महिन्यांचा ताळेबंद.

वजन ८१.५ चं ७५.६. पहिल्या पानावरचा चौकोन ७५.८ चा होता. कंबर १०१ ची ९३. उपाशीपोटी ११४ ची १०१. एचबीए१सी ६.३ चं ५.८. म्हणजे अजून काठावरच, पण आतल्या बाजूला. डॉक्टर गोळीचं काही बोलले नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि पुढे दरवर्षी. सोडलं की परत चढतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

हिचं हिमोग्लोबिन १२.१, एचबीए१सी ५.६. तिची शुगर नव्हतीच, रक्त कमी होतं.

खर्च : मीटर, काटा, बूट मिळून ३,०००. पट्ट्या चार डबे ३,८००, त्यातल्या ४१ उन्हात गेल्या. माझ्या तपासण्या आणि डॉक्टरांची फी मिळून ४,६००. कारल्याचा रस ४२०, पूर्ण बुडीत. एकूण ११,८२०. चहातली वाचलेली साखर मालकांच्या खात्यात. वाया गेलेला वेळ : टाचेचे तीन आठवडे आणि खोट्या मोजणीचे तीन महिने.

पुन्हा सुरू करायचं झालं तर पहिल्या दिवशी वजनकाटा घेईन आणि मोजायचे वार आधी ठरवीन. बूट दुसऱ्या दिवशी.

मद्रासचा तक्ता पुन्हा मांडला : वय २०, कंबर नव्वदच्या वर म्हणून १०, व्यायाम आहे पण काम बैठंच म्हणून २०, आई १०. एकूण ६०. अजून वरच्याच रकान्यात. वय आणि आई या दोन ओळी बदलत नाहीत, उलट पन्नाशीला वयाचे १० वाढणार. कंबर नव्वदच्या आत आली तर ५०. म्हणजे तीन सेंटिमीटरहून थोडी जास्त बाकी पुढे ओढली.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. मोदक दोन, दुपारच्या जेवणात, भाकरी एक वजा. हिने चौदाचं सारण काढलंय आणि मी विचारलं नाही कुणासाठी. उद्या बुधवार, मोजणीचा दिवस. पट्ट्या शिल्लक ११.